ऑपरेशन त्याचं, संसार दोघांचा

"ताई, ह्यांचं ऑपरेशन झालं. पण कसलं, ते मला घरी आणल्यावर कळलं." समुपदेशन केंद्रात समोर बसलेली बाई मान खाली घालून सांगत होती. नवऱ्याला बारा वर्षांपासून मधुमेह. गेली चार वर्षं शरीरसंबंध नव्हता, आणि त्याबद्दल दोघांत एक शब्दही नव्हता. कधी तिला वाटे आपलंच काही चुकतंय, कधी वाटे ह्यांचं बाहेर कुठे असेल. डॉक्टरांकडे नवरा धाकट्या भावाला घेऊन गेला. तिला सांगितलं, "लघवीचं छोटंसं ऑपरेशन आहे." आता तो म्हणतो, "एवढा पैसा घातला तो कशासाठी?" 'नको' म्हणायची तिची सोयच संपली.

मैत्रिणींनो, हे ऑपरेशन काय असतं ते आपल्यालाही माहीत हवं. लिंगातल्या स्पंजासारख्या दोन पोकळ्यांत रक्त भरलं की ताठरता येते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, मणक्याची इजा, प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया यांमुळे ही क्रिया बिघडू शकते. त्यावर आधी गोळ्या, मग व्हॅक्यूम पंप किंवा इंजेक्शन हे उपाय असतात. त्यांनी भागलं नाही तर इम्प्लांट. त्यात एक तर वाकवता येणाऱ्या दोन कांड्या बसवतात, नाहीतर पाण्याने फुगणाऱ्या नळ्या. त्यांचा छोटा पंप वृषणाच्या पिशवीत असतो. फुगणारा इम्प्लांट १९७३ साली अमेरिकेत आला. कांड्यांचा त्याहून बराच स्वस्त पडतो. रक्तवाहिन्या जोडण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण ती अपघातात धमनीला इजा झालेल्या मोजक्या तरुणांनाच उपयोगी पडते.

इम्प्लांट हा परतीचा रस्ता नसलेला निर्णय आहे. पुढे तो काढला तरी पूर्वीसारखी ताठरता येत नाही. जंतुसंसर्ग झाला तर बहुधा तो काढावाच लागतो. म्हणून मधुमेह्याची साखर आधी आटोक्यात हवी. जखम भरेपर्यंत साधारण सहा आठवडे संबंध टाळायचा असतो. आणि इम्प्लांटने ताठरता मिळते. इच्छा, माया, संवाद मिळत नाही.

माझा या शस्त्रक्रियेला विरोध नाही. ताठरता म्हणजेच मर्दानगी हे समीकरण पुरुषांनाही छळतं. त्या लाजेपोटीच ते भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींच्या मागे लागतात. खरं तर ही तक्रार कधी कधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. ती लपवण्यात जिवाचा धोका आहे. योग्य डॉक्टरांकडे जाणारा पुरुष धीराचाच म्हणायचा.

त्याच्या शरीराचा निर्णय त्याचाच, संमतीची सहीही त्याचीच. आपल्या शरीरावर आपला हक्क सांगणाऱ्या आपण हे नाकारू शकत नाही. पण तोच न्याय तिलाही लागू आहे. त्याचं ऑपरेशन ही तिची संमती नव्हे. सज्ञान पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजबरी आपल्या कायद्यात आजही बलात्कार ठरत नाही. मात्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे, हे प्रत्येकीने लक्षात ठेवावं.

म्हणून माझं म्हणणं असं, की ऑपरेशन ठरण्याआधी डॉक्टरांनी रुग्णाला बायकोसह यायला आग्रहाने सांगावं. दोघांशी एकत्र बोलावं, आणि तिच्याशी थोडा वेळ एकटीशीही. नवऱ्यासमोर ती काय बोलणार? तिला काय हवंय, कशाची भीती वाटते, संबंधाच्या वेळी दुखतं का, हे विचारावं. या वयात पाळी जाण्याच्या सुमाराला कोरडेपणा येतो, त्यावर उपाय आहेत. पण तिला कोण विचारतं? रुग्णालयातल्या माझ्या समाजकार्यकर्त्या मैत्रिणींनी हे काम मागून घ्यावं.

जाताना त्या बाईने विचारलं, "आता मी डॉक्टरांना भेटले तर चालेल का?" नवऱ्याला सोबत घेऊन जा, म्हटलं, आणि तो आला नाही तर मी येते. चार वर्षांत तिने विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तो ऑपरेशनच्या आधी विचारायची संधी तिला मिळायला हवी होती.