स्लॅबखालची बावडी

30 मार्च 2023, रामनवमी. इंदूरच्या पटेल नगरातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना पायाखालची जमीन खचली आणि 36 माणसे दगावली. जमीन कसली, जुन्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, घातलेला स्लॅबच तो. उपग्रहाच्या चित्रात अशा ठिकाणी छप्पर दिसते, आणि ते खोटेही नसते; पण त्यावरून केलेल्या नकाशात खालची विहीर येत नाही. नकाशा चुकला की आपण मोजणीला बोल लावतो. पण खरा घोळ काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवताना होतो. गाळल्याशिवाय भागत नाही, हेही खरे. 1:50,000 प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर (टोपोशीटवर) एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. चार मीटर रुंदीची गल्ली या हिशेबाने केसाएवढी भरते. ती डोळ्यांना दिसावी म्हणून रेघ जाड करायची, आणि रेघ जाड झाली की कडेची घरे सरकवायची नाहीतर सोडून द्यायची. यात लबाडी नाही, कागदाची अडचण आहे. 

आता ड्रोन आणि जीपीएस असताना ही रड कशाला, असे कोणी म्हणेल. या साधनांनी वस्तू नेमकी कुठे आहे ते कळते. ती काय आहे आणि तिच्याखाली काय आहे, ते कळतेच असे नाही. त्यासाठी पायीच फिरावे लागते. नगररचनाकार पॅट्रिक गेडिसने होळकर दरबारासाठी इंदूरचा नगररचना अहवाल केला, तो 1918 साली छापला गेला. टेबलावर पट्टी ठेवून जुन्या वस्तीतून सरळ रस्ते काढण्याला त्याचा विरोध होता. आधी गल्लीबोळ पायी फिरा, हा त्याचा आग्रह. सगळे शहर पायी मोजणे परवडणार नाही, ही हरकत रास्त आहे. पण सगळे शहर कोण मागतो? झाकलेल्या विहिरी आणि बुजवलेले नाले एवढेच शोधायचे, तेही जुने महसुली नकाशे आणि मोहल्ल्यातली म्हातारी माणसे यांना विचारून. शिवाय विहीर बुजली म्हणून तिची खूण खोडायची नाही. बेलेश्वरची बावडी दुर्घटनेनंतर काही दिवसांतच भरून टाकली. नव्या नकाशात तिथे निदान तुटक रेघेचे वर्तुळ हवे, शेजारी सालासकट.