स्वस्त जागा आणि महाग चूक

‘घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून’ ही म्हण आपल्या तोंडीं इतकी बसली आहे कीं, तींत काय गृहीत धरलें आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. म्हण ज्या काळची, त्या काळीं घर बांधणाराच्या पायाखालीं बहुधा जमीन असे. वडिलार्जित वाड्याचे दोन खण, गांवठाणांतील पडकी जागा, भावकीनें सोडलेला गोठा, असें कांहीं तरी असे. कष्ट पडत ते दगड, माती व लांकूड जमविण्याचे. आज बुलढाणा जिल्ह्यांतील बेताच्या मिळकतीच्या गृहस्थाची अडचण पाया खणण्यापूर्वींच सुरू होते. पाया खणावा कोठें, हाच त्याचा पहिला प्रश्न आहे. आणि ह्या प्रश्नाचें चुकीचें उत्तर पदरांत घेऊन किती तरी कुटुंबें जन्माची शिल्लक गमावून बसतात. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

खामगांवांतील एक कुटुंब वाचकांनीं कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. नवरा बाजारांत एका दुकानीं हिशेब लिहितो, बायको घरीं शिवणकाम करते, दोन मुलें शाळेंत आहेत व घरांत म्हातारी आई आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत बारा वर्षें काढून ह्या जोडप्यानें भिशींत व पतपेढींत 3 लाख रुपये सांठविले आहेत. रविवार आला कीं दोघें घर पाहावयास निघतात. बांधलेल्या घराची किंमत ऐकून परत फिरावें लागतें. कर्जाचा विचार करावा, तर 10 लाख रुपये शेंकडा 9 व्याजानें 20 वर्षांकरितां घेतल्यास दरमहा सुमारें 9 हजारांचा हप्ता पडतो, व अखेर 21 लाखांहून अधिक रक्कम भरावी लागते. मुदत 15 वर्षांची केली तर एकूण भरणा 3 लाखांहून अधिक कमी होतो खरा, परंतु हप्ता सुमारें साडेअकराशें रुपयांनीं वाढतो. आणि दुकानावरच्या कारकुनास तेवढे रुपये म्हणजे मुलांच्या शाळेचा खर्च होय. शिवाय बँक सगळी किंमत कधींच देत नाहीं. लहान कर्जांतही निदान दहावा हिस्सा घरचा घालावा लागतो, आणि मुद्रांक व नोंदणी यांचा खर्च बहुधा वेगळा.

अशा वेळीं दलाल भेटतो. तो त्यांस शहराबाहेर एका सोयाबीनच्या शेतांत नेतो. तेथें चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात, कोंपऱ्याला खुंट्या ठोकलेल्या असतात, आणि वाटेवर एक रंगीत फलक उभा असतो. ‘‘आज इसार द्या, दिवाळीनंतर हा भाव राहणार नाहीं,’’ असें तो बजावतो. मेहकर व सिंदखेड राजाकडे समृद्धी महामार्गाचें नांव, शेगांवीं यात्रेकरूंचें, मलकापुरास आगगाडीचें. ज्या त्या गांवीं भाव वाढण्याचें कारण तयारच असतें. जागा खिशाला परवडते, हप्त्यानें मिळते, बँकेचें दार ठोठवावें लागत नाहीं. नवराबायको एकमेकांकडे पाहतात आणि इसार देऊन मोकळीं होतात.

परंतु चुन्याच्या रेघेला कायद्यांत किंमत नाहीं. जमीन रहिवासी उपयोगाची झालेली नसेल व तिचें रेखांकन मंजूर नसेल, तर घेणाराच्या हातीं प्लॉट येत नाहीं, शेताचा एक तुकडा येतो. विदर्भाकरितां 1958 सालीं झालेल्या कूळकायद्याप्रमाणें शेतजमीन बिनशेतकऱ्यास परवानगीवांचून विकतां येत नाहीं. आणि शेताचे बारीक तुकडे पाडण्यास 1947 च्या तुकडेबंदीच्या कायद्याची आडकाठी आहे. मग खरेदीखत होत नाहीं म्हणून मुद्रांकाच्या कागदावर नोटरीपुढें सह्या होतात. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणें अशा कागदानें मालकी मिळत नाहीं. सातबाऱ्यावर नांव मूळ मालकाचेंच राहतें. तो वारला कीं त्याचे वारस उभे राहतात, आणि घर बांधून बसलेला मनुष्य आपल्याच अंगणांत परका ठरतो.

कोणी म्हणेल कीं सरकार अशा लोकांची सोय करतेंच. 2001 सालीं गुंठेवारीचा कायदा झाला. 2021 सालीं त्याची कक्षा 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या वस्त्यांपर्यंत वाढविली. 2025 सालीं तुकडेबंदींतही सवलत निघाली. अडकलेल्यांस सोडविलें हें योग्यच झालें. परंतु चूक पुसण्याचे कायदे वरचेवर व्हावे आणि चूक होऊं नये अशी तजवीज मात्र होऊं नये, ही राज्यकारभाराची शोभा नव्हे. कागद नियमित झाल्यानें गटार बांधलें जात नाहीं व नळाला पाणी येत नाहीं. आठ फुटी बोळ ठेवून वसलेल्या वस्तींत पुढें रस्ता रुंद करावयाचा तर कोणाची तरी भिंत पाडावी लागते.

याहून मोठें नुकसान निराळेंच आहे. शहरांत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरीब कुटुंबास प्रधानमंत्री आवास योजनेंतून अडीच लाख रुपयांचें साहाय्य मिळतें. 2024 सालीं सुरू झालेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यांत 35 लाखांपर्यंतच्या घरास, 25 लाखांपर्यंतच्या कर्जावर, 1 लाख 80 हजारांपर्यंत व्याजाची सवलत ठेवली आहे. हीं सारीं साहाय्यें कायदेशीर कागदावर उभीं आहेत. ज्यानें बेकायदा तुकडा घेतला, त्यास ना अनुदान, ना बँकेचें कर्ज. म्हणजे स्वस्त वाटलेली जागाच त्याला सर्वांत महाग पडते.

लोक लोभी आहेत, अडाणी आहेत, असा दोष देणारे शहाणे पुष्कळ आहेत. आम्हांस तो दोष मान्य नाहीं. हजार चौरस फुटांची कायदेशीर जागा कारकुनाच्या ऐपतींत मिळत असती, तर तो चुन्याच्या रेघेकडे वळता ना. खेड्यांतील भूमिहीनास घरकुलाच्या जागेकरितां राज्य सरकार 1 लाखापर्यंत पैसे देतें, हें तत्त्व मान्य झालेंच आहे. शहरांतील अल्पमिळकतीच्या माणसास मात्र जागेच्या बाबतींत दलालावर सोंपविलें आहे. प्रत्येक नगरपालिकेनें मंजूर रेखांकनांची यादी गट क्रमांकासह कचेरीच्या दारावर लावावी. म्हाडाच्या अमरावती मंडळानें जिल्ह्यांतील तालुक्याच्या गांवीं लहान प्लॉट पाडून विकावे. हें काम अशक्य कोटींतलें नाहीं.

लोकांनींही एकेकट्यानें दलालाकडे न जातां एकत्र यावें. मुंबईस गांवदेवींत सारस्वत मंडळींनीं 1915 सालीं सहकारी गृहसंस्था स्थापिली. ती पांढरपेशांची झाली असें कोणी म्हणेल, तर सोलापुराकडे पाहावें. तेथील विडी वळणाऱ्या बायांनीं संघटना करून कुंभारी येथें 10 हजार घरांची वसाहत उभारून घेतली; तीं घरें त्यांस 2006 सालीं मिळालीं. पुढें त्याच भागांत रे नगरांत असंघटित कामगारांकरितां 30 हजार घरांची योजना झाली व पैकीं 15 हजार घरें जानेवारी 2024 मध्यें दिलीं गेलीं. विड्या वळणाऱ्या हातांस जें साधलें, तें खामगांव-चिखलीच्या हमालांस, शिंप्यांस व कारकुनांस कां साधूं नये?

तोंपर्यंत घर शोधणाऱ्या गृहस्थांस आमचें सांगणें एवढेंच कीं, इसार देण्यापूर्वीं सातबारा किंवा आखीव पत्रिका पाहावी. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची अथवा नझुलाच्या पट्ट्याची आहे काय, तें विचारावें. 500 चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडून विकणाऱ्यास 2016 च्या कायद्यान्वयें महारेराकडे नोंदणी करावी लागते. तो क्रमांक मागावा, आणि नोंदलेल्या करारावांचून दहाव्या हिश्शाहून अधिक रक्कम देऊं नये. शेवटीं, खरेदी गृहिणीच्या नांवें करावी. 2021 पासून स्त्रीच्या एकटीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांकांत शेंकडा 1 ची सूट आहे, परंतु आम्ही सुटीकरितां हें सांगत नाहीं. ज्या तीन लाखांत तिच्या सुईदोऱ्याचा वांटा आहे, त्या घराच्या कागदावर तिचें नांव नसावें, हा अन्याय दलालाच्या फसवणुकीहून जुना आहे. आणि तो दूर करणें घरधन्याच्या हातीं आहे.