सहकुटुंब, सहपरिवार!

लग्नात वधूचे नाव बदलण्याची आपल्याकडे एक जुनी रीत आहे. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने त्यांत नवे नाव कोरायचे, आणि कालची कुसुम आजपासून सुमती झाली हे सर्वांनी पेढे खात खात मान्य करायचे. हल्लीच्या मुली या रीतीला सरळ नकार देतात, आणि चांगलेच करतात. परंतु त्या जुन्या रीतीत निदान एवढी तरी सभ्यता होती की, नाव बदलताना चार माणसे साक्षीला असत आणि पेढा वाटला जाई. आमच्या घरातल्या दूरचित्रवाणीच्या पेटीत गेल्या वीस वर्षांत अशी कितीतरी बारशी आणि लग्ने उरकली. आम्हां घरच्या माणसांना ना कुणी आमंत्रण दिले, ना कुणी पेढा दिला!

थोडा इतिहास सांगतो. २००५ च्या मार्च महिन्यात अल्फा मराठी ही वाहिनी झी मराठी झाली. तिच्या बांगला, पंजाबी आणि गुजराती बहिणींनाही तेच नाव मिळाले. पुढे बरोबर दहा वर्षांनी, २०१५ च्या मार्चमध्ये, ईटीव्ही मराठी ही कलर्स मराठी झाली, आणि त्याच सुमारास कन्नड, बांगला, गुजराती व ओडिया ईटीव्ही यांच्याही पाट्या उतरून कलर्सच्या पाट्या चढल्या. व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात गूढ काही नाही. पाच दुकानांच्या पाच जाहिराती करण्यापेक्षा एकाच नावाची जाहिरात स्वस्त पडते. हिंदीत कलर्स २००८ पासून चाललेली. तिच्या ओळखीवर धाकट्या भावंडांचीही ओळख होते. जाहिरातदारालाही एकाच दारात सगळे प्रांत मिळतात. व्यापाऱ्याने व्यापार केला म्हणून आम्ही त्याच्यावर दात-ओठ खात नाही. आमचे भांडण निराळे आहे.

आम्ही राहतो ते सोलापूर. आमच्या आळीत एका भिंतीपलीकडे तेलुगू बोलणारे पद्मशाली कुटुंब, दुसऱ्या भिंतीपलीकडे कन्नड बोलणारे, आणि बोळाच्या तोंडाशी दखनी उर्दू. एके काळी चारही घरांत ईटीव्हीच लागत असे, फक्त प्रत्येकाची भाषा वेगळी! ईटीव्हीतला 'ई' म्हणजे ईनाडू. तेलुगूत त्याचा अर्थ 'आज' असाही होतो आणि 'ही भूमी' असाही. हा अर्थ आम्हांला शेजारच्या अक्कांनी सांगितला. मग २०१५ साली आमची ईटीव्ही गेली, कानडी शेजाऱ्यांची गेली; अक्कांची तेलुगू मात्र जुन्याच मालकाकडे जुन्याच नावाने राहिली. अक्का कठड्यावरून विचारत्या झाल्या, "काय हो अण्णा, आमची ईटीव्ही हाय तशी हाय. तुमची कुठं गेली?"

आम्ही म्हणालो, "विकली गेली, अक्का."

"आँ? आन् तुमाला कुणी इचारलं न्हाई?"

त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. आजही नाही.

अक्कांच्याच घरी आम्हांला आणखी एक धडा मिळाला. आम्ही आधी आपले नाव लिहितो, मग वडिलांचे, आणि शेवटी आडनाव. तेलुगू रीत उलटी. तेथे 'इंटिपेरू', म्हणजे घराचे नाव, आधी येते आणि माणसाचे मागून. कलर्स मराठी, झी मराठी, सोनी मराठी, सन मराठी ही नावे त्या रीतीने वाचून पाहा. घराणे कलर्सचे, घराणे सोनीचे. 'मराठी' हे त्या घराण्यातल्या एका लेकराचे हाक मारायचे नाव. आमची भाषा कुणाचे तरी शेंडेफळ होऊन बसली! सरकारी खात्याला आपण उठता बसता नावे ठेवतो. पण मुंबई दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्या खात्याला 'सह्याद्री' हे नाव सुचले, हे विसरू नये. त्या नावाला डोंगर आहे, पाऊस आहे, आणि पत्ता आहे.

कोणी म्हणेल, "अहो, एका नावाखाली अनेकांनी यावे यात वाईट ते काय? तुमची सोलापुरी चादर तरी दुसरे काय आहे?" प्रश्न चोख आहे आणि त्याला उत्तरही चोखच दिले पाहिजे. सोलापुरी चादर हे एक नाव आहे आणि त्याखाली पुष्कळ कारखानदारांचे माग आहेत, हे खरेच. परंतु त्या नावाला २००५-०६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे नाव गावाला आणि विणीला कायद्याने बांधले गेले. दुसरीकडे विणलेल्या चादरीवर ते नाव घालणे हा गुन्हा. तेथे नाव मालाचे ओझे वाहते. आमच्या गिरण्यांचेही असेच. लक्ष्मी आणि विष्णू या दोन गिरण्या एक झाल्या तेव्हा कुणी कुणाचे नाव गिळले नाही. 'लक्ष्मी-विष्णू' असा जोडा झाला. गिरणीचा भोंगा थांबून वर्षे लोटली, तरी सोलापूरकराच्या तोंडी दोन्ही नावे एकत्र नांदतात. तेव्हा एक नाव असणे हा दोष नव्हे. ते नाव कशाला बांधले आहे, हा खरा प्रश्न आहे.

आता मुद्द्याचे बोलू. पूर्वी भागवत टॉकीजच्या दारात आपण पाटी वाचत असू: 'सहकुटुंब, सहपरिवार पाहावा असा चित्रपट.' ती शिफारस त्या एका चित्रपटाची असे. पुढच्या शुक्रवारी नवा चित्रपट आला की त्याला ती पाटी पुन्हा नव्याने मिळवावी लागे. कायद्याचेही तेच शहाणपण आहे. १९५२ च्या कायद्याखाली सेन्सॉर बोर्ड प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र प्रमाणपत्र देते. २०२४ पासून तर सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा वयाच्या पायऱ्याही त्यात आल्या. कोणत्याही कंपनीला, 'तुमचे सर्वच चित्रपट सर्वांसाठी' असा कायमचा दाखला बोर्ड देत नाही. वाहिन्यांच्या मालिकांना असे आगाऊ प्रमाणपत्र लागतच नाही. मग घरच्या माणसाने विसंबायचे कशावर? उरते ते नाव. म्हणूनच सहकुटुंबपणाचा सारा भार आता एका नावावर येऊन पडला आहे.

ते नाव हा भार पेलते काय? कलर्स मराठीवर २०२० च्या डिसेंबरात 'जय जय स्वामी समर्थ' ही मालिका सुरू झाली. अक्कलकोट आम्हांला हाकेच्या अंतरावर; आमच्या आळीत ती मालिका लागली की निरांजन लागे. आमच्या मातीतली गोष्ट परक्या नावाच्या वाहिनीने घरोघर पोहोचवली, हे मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच नावाखाली २०१८ पासून 'बिग बॉस मराठी'ही आले. मूळ कल्पना १९९९ सालची, नेदरलँड्सची. दहा-पंधरा माणसे एका घरात कोंडायची, त्यांच्या भांडणांवर कॅमेरे रोखायचे, आणि एकेकाला मतांनी बाहेर काढायचे. ज्याला आवडते त्याने ते जरूर पाहावे. प्रौढ माणसाला कुणी बोट धरून न्यायचे नसते. परंतु स्वामींचा मठ आणि हा कोंडवाडा या दोहोंच्या दारावर एकच पाटी असेल, तर नातवाला पेटीसमोर बसवून स्वयंपाकघरात वळणाऱ्या आजीला त्या पाटीचा उपयोग काय? जे नाव सर्व काही सांगते ते काहीच सांगत नाही. आणि ज्या कार्यक्रमात अठरा तास 'घर' हा शब्द वापरून दर आठवड्याला एकाला घराबाहेर काढतात, त्याने आमच्या मुलांना 'घर' या शब्दाचा कोणता अर्थ शिकवला?

एका नावाचा दुसरा उपयोग बिलात दिसतो. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायच्या नियमाने प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करणे भाग पडले. आम्हांला आनंद झाला. आता हवी ती वाहिनी मोजून घेऊ! पण घराण्यांनी लगेच आपापली मोट बांधली. एकेक सुटी घ्याल तर महाग, मोट घ्याल तर स्वस्त. अशा मोटेला म्हणायचे 'पॅक', आणि त्याला विशेषण लावायचे 'फॅमिली'. वांगी घ्यायला गेलेल्या माणसाच्या पिशवीत भाजीवालीने दुधी, कारले आणि कालची कोथिंबीर घालावी व वर म्हणावे, "घ्या हो, घरची माणसे आहात!" असा हा प्रकार.

'चार दिवस सासूचे' ही मालिका ईटीव्ही मराठीवर २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. सासूचे चार दिवस अकरा वर्षे पुरले, पण वाहिनीचे नाव काही त्यानंतर फार टिकले नाही. सुनेचेही दिवस संपत येतातच. २०२४ च्या नोव्हेंबरात कलर्सचे घराणे आणि स्टारचे घराणे एकाच कंपनीत आले. २०२५ च्या फेब्रुवारीत मोबाइलवरची त्यांची दोन दुकानेही एका पाटीखाली गेली. उद्या आणखी एक नाव येईल आणि त्यावरही एक हसरे कुटुंब छापलेले असेल.

तर आमचे मागणे एवढेच आहे. नाव कोणतेही ठेवा. तुमच्या पैशांचे ते नाव. परंतु 'सहकुटुंब' हा शब्द घराण्याला लावू नका, कार्यक्रमाला लावा. आणि प्रत्येक कार्यक्रमाने तो आपल्या कमाईने मिळवावा. कोणत्या वयासाठी काय, हे त्या त्या मालिकेच्या माथ्यावर शुद्ध मराठीत लिहा. तक्रार करायची तर मराठीत ऐकून घेणारा माणूस कोण, तेही सांगा. आणि वाचकहो, आपणही नावाच्या भरवशावर पेटी लावून उठून जाणे सोडू या. फराळाचे ताट आपण बाजारातून आणले तरी मुलांपुढे ठेवण्याआधी एक शंकरपाळी तोंडात टाकून पाहतोच की नाही?

कुटुंब कोणते, हे कुटुंबाने ठरवायचे असते. पाटी रंगवणाऱ्याने नव्हे.