यादी वाचावी कोणी?

हैदराबाद-कर्नाटकाचे 2019 साली ‘कल्याण कर्नाटक’ झाले. नाव पालटण्यास विटा लागत नाहीत, सिमेंट लागत नाही. म्हणूनच ते काम इतक्या तत्परतेने पार पडले असावे! बिदर-गुलबर्ग्याच्या गळक्या छपराखालचा माणूस मात्र होता तेथेच आहे.

योजनांस तोटा नाही. 1985 ची इंदिरा आवास, मग कर्नाटकाच्या आश्रय, बसव वसती, आंबेडकर निवास, आणि 2016 पासून खेड्यांसाठी पंतप्रधान आवास. या शेवटच्या योजनेत सपाट प्रदेशातील घरास 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याहप्त्याने, बांधकामाची छायाचित्रे पाहून. एवढ्यात घर कसे उभे राहावे, हे सरकारासच ठाऊक!

पण आमचे मुख्य गाऱ्हाणे रकमेचे नाही. लाभार्थी निवडतो कोण? खेड्यात, कागदोपत्री, ग्रामसभा. शहरात आश्रय समिती, जिच्या अध्यक्षस्थानी खुद्द आमदार! ज्या हाताने मते मागावयाची त्याच हाताने घरे वाटावयाची. हे दुखणे कन्नड गरिबाचेही आहे. औराद, भालकी, बसवकल्याणच्या मराठी गरिबाचे दुखणे त्याहून एक पायरी पुढचे: अर्ज कन्नडात, नोटीस कन्नडात, यादीही कन्नडात. आपले नाव गळाले हे ज्यास वाचताच येत नाही, त्याने हरकत घ्यावी कशी? निजामी अमदानीत आमचा आजा उर्दू अर्जासाठी अर्जनवीसाच्या ओट्यावर ताटकळत बसे. 1948 साली निजामी गेली, 1 नोव्हेंबर 1956 रोजी आम्हांस म्हैसूर राज्यात घातले गेले, आणि नातू आज त्याच ओट्यावर बसला आहे. लिपी तेवढी बदलली.

जेथे भाषिक अल्पसंख्य शेकडा 15 ते 20 असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी नोटिसा त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे 1961 च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेतच मान्य झाले होते. तो कागद कोणत्या कपाटात आहे?

महाराष्ट्राने 2023 साली 865 सीमागावांस महात्मा फुले आरोग्य योजना देऊ केली. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु मुंबईत बसून दवाखान्याचे बिल भरता येते, औरादेत भिंत उभारता येत नाही. 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्याची वाट पाहत पावसाळेही थांबत नाहीत.

तोवर यादी मराठीतही चावडीवर लावा, ग्रामसभेत ती मराठीतून वाचून दाखवा. कन्नड शेजाऱ्याच्या वाट्याची एक वीटही आम्हांस नको. त्याचेही नाव त्याच यादीत अडकले आहे.