स्पॉकचे कान आणि आपले डोळे

लेनर्ड निमॉय २०१५ मध्ये गेला, तेव्हा मथळ्यांत स्पॉकच होता. ‘टाइपकास्ट झाला बिचारा’ हे आपण किती सहज बोलून टाकतो! मूळ ‘स्टार ट्रेक’ चालली जेमतेम तीन सीझन, १९६६ ते १९६९. त्यानंतर हा माणूस ‘मिशन: इम्पॉसिबल’मध्ये दिसला, रंगमंचावर व्हॅन गॉखचा भाऊ होऊन एकट्यानं प्रयोग करत फिरला, फोटोग्राफर म्हणून पुस्तकं काढली. ‘थ्री मेन अँड अ बेबी’ हा १९८७ चा विनोदी सिनेमा त्यानंच दिग्दर्शित केला. त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक कमाई त्याचीच. बिचारा कसला?

आणि आमची इंजिनिअर जमात तर स्पॉकलाही धड बघत नाही. भावना बाजूला ठेव, लॉजिक बोल, एवढंच सांगायला त्याचा स्टिकर लॅपटॉपवर. अरे, ती बोटं फाकवून केलेली सलामी निमॉयनं लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये पाहिलेल्या ज्यू पुरोहितांच्या आशीर्वादातून उचलली होती! १९७३ च्या ॲनिमेटेड मालिकेतून निशेल निकोल्स आणि जॉर्ज टाकेई यांना वगळायचं चाललं होतं, तेव्हा त्यांना घेतल्याशिवाय काम करणार नाही म्हणून अडून बसला तो हाच. त्याचा स्टिकर अजून कुणी छापलेला दिसत नाही.