नाणं टाका, कपडे धुवा!

दोस्तांनो, तुमच्या घरी कपडे कोण धुतं? कुणी म्हणेल आई, कुणी म्हणेल बाबा, तर कुणी ऐटीत सांगेल, "आमच्याकडे मशीन आहे, बटण दाबायचं काम माझं!" पण समजा, घरात मशीन नाही, मोरी एवढीशी आणि कपडे वाळत घालायला गॅलरीही नाही. मग काय कराल?

न्यूयॉर्कसारख्या शहरात हा प्रश्न लाखो लोकांना पडतो. तिथल्या अनेक जुन्या इमारतींमध्ये घरमालक धुलाईयंत्र बसवूच देत नाहीत. पाइप जुने, पाणी तुंबायची भीती! मग माणसं आठवडाभराचे मळके कपडे एका मोठ्या पिशवीत कोंबतात आणि कोपऱ्यावरच्या लाँड्रोमॅटमध्ये जातात. आपल्याकडच्या लाँड्रीसारखे कपडे देऊन, पावती घेऊन परत यायचं नाही बरं का! यंत्र दुकानाचं, पण साबण आपला आणि हातही आपलेच. पैसे टाकायचे, कपडे धुवायचे, वाळवायचे आणि घड्या घालून घरी न्यायचे.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९३४ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या फोर्ट वर्थ गावी असं एक दुकान निघालं. नाव होतं 'वॉशेटेरिया'. आत विजेवर चालणारी चार यंत्रं. तो मंदीचा काळ होता, यंत्र विकत घेणं फार थोड्यांना परवडायचं. म्हणून ही यंत्रं तासाच्या भाड्यानं मिळत. १९४९ मध्ये लंडनच्या क्वीन्सवे भागात ब्रिटनमधलं पहिलं असं दुकान उघडलं. जपानमध्ये तर अशी कितीतरी दुकानं सार्वजनिक स्नानगृहांना लागून असायची. लहानशा खोलीत राहणारी माणसं तिथं अंघोळीला जात आणि तेवढ्यात शेजारी कपडे धुऊन निघत. एका फेरीत दोन कामं!

आता यंत्राची गंमत बघा. जुन्या यंत्रांवर नाणी ठेवायला खाचांची एक पट्टी असायची. प्रत्येक खाचेत नाणं उभं करायचं आणि पट्टी आत ढकलायची. एक जरी खाच रिकामी राहिली, तरी पट्टी हलायची नाही. अमेरिकेत शिकायला गेलेले आपले ताई-दादा म्हणूनच क्वार्टर, म्हणजे २५ सेंटची नाणी, डबीत जपून ठेवायचे. आता बऱ्याच ठिकाणी कार्ड किंवा मोबाइलही चालतो.

यंत्राचं दार गोल, काचेचं. आत भोकाभोकांचं पिंप आडवं फिरतं, कपडे उचलून वर नेतं आणि धप्पकन खाली टाकतं. म्हणजे काय, तर दगडावर आपटणंच की! शेवटी पिंप गरगरा फिरू लागतं. कपडे भिंतीला अडतात, पाणी मात्र भोकांतून बाहेर निसटतं. ओली छत्री फिरवून पाणी उडवताना तुम्ही हेच करता आणि ओरडा खाता!

हे सगळं व्हायला साधारण अर्धा तास लागतो. मग तेवढाच वेळ वाळवायला. आणि दोस्तांनो, खरी मजा आहे ती या तासाभरात! बाकड्यावर नुसतं बसायचं. यंत्रांची एकसुरी घरघर, साबणाचा वास, गरम हवा. शेजारी एखादे आजोबा पेपर वाचत असतात, कॉलेजातली मुलगी अभ्यास करत असते, एखादं पोर काचेतून आपला सदरा शोधत असतं. कुणी कुणाला ओळखत नाही, पण घाई करून उपयोग नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

इथले नियम कुणी शिकवत नाही, बघूनच कळतात. वाळवणयंत्राच्या जाळीतला कापूस पुढच्यासाठी काढून ठेवायचा. एखाद्याचं यंत्र थांबलं आणि तो जागेवर नसेल, तर थोडं थांबायचं, मग त्याचे कपडे अलगद टेबलावर ठेवायचे. अनोळखी माणसाचे कपडे हातात घेताना माणूस आपोआप सांभाळून वागतो, नाही?

तुमच्या आजीला विचारा, पूर्वी नदीच्या घाटावर किंवा चाळीच्या नळावर काय चालायचं? कपडे धुता धुता सुखदुःखाच्या गोष्टी! घरोघरी यंत्रं आली, श्रम वाचले हे चांगलंच झालं, पण तो घाट सुटला. लाँड्रोमॅटमध्ये त्याचा एक तुकडा शिल्लक राहिला आहे.

आणि ज्यांना घरच नाही त्यांचं काय? हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात ल्यूकस पॅचेट आणि निक मार्केसी या दोन मित्रांना पडला. साल २०१४, दोघांचं वय अवघं २० वर्षं. त्यांनी एका जुन्या व्हॅनमध्ये दोन धुलाईयंत्रं आणि दोन वाळवणयंत्रं बसवली आणि रस्त्यावर राहणाऱ्यांचे कपडे फुकट धुवायला सुरुवात केली. संस्थेचं नाव 'ऑरेंज स्काय'. कपडे होईपर्यंत तास जायचा. मग व्हॅनजवळ केशरी खुर्च्या मांडून गप्पा सुरू झाल्या. ज्यांच्याकडे रस्त्यावरून जाणारा कुणी बघतही नाही, त्यांच्याशी कुणीतरी तासभर बसून बोलू लागलं! लवकरच त्या दोघांना कळलं, की स्वच्छ कपड्यांइतकीच या गप्पांची गरज आहे. २०१६ साली दोघांना देशाचा 'यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला.

आपल्याकडे नाणी टाकायची लाँड्री गल्लोगल्ली नाही, पण पिठाची गिरणी आहे ना? तिथंही डब्यांची रांग असते आणि थांबावं लागतं. या आठवड्यात दळण आणायला तुम्ही जा. आई-बाबांनो, जाऊ द्या हं त्यांना! आणि रांगेत एखाद्या ओळखीच्या आजींचा डबा तुमच्या मागे असेल, तर नुसते उभे राहू नका. गप्पा मारा. काय काय ऐकलंत, ते आम्हाला जरूर लिहून कळवा!