नाल्याचा गाळ आणि विम्याचा हप्ता

सोलापूर म्हणजे दुष्काळी जिल्हा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला पुराची फिकीर करायची सवय नसते. म्हणूनच घरात किंवा कारखान्यात पाणी शिरेल, ही गोष्ट आम्हा व्यापाऱ्यांच्या हिशेबात कधी धरली गेली नाही. पण अलीकडच्या वर्षांनी हा हिशेब बदलला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला पूर आला आणि पंढरपुरात पाणी वस्तीत शिरले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांचे अतोनात नुकसान केले. लांबोटीजवळ पुण्याच्या महामार्गावरची वाहतूकही थांबवावी लागली. खुद्द शहरात धोका आहे तो ओढ्या-नाल्यांचा. १८७१ मध्ये बांधलेल्या एकरुख तलावाच्या खालून येणारी आदिला आणि शहरातले नाले गाळाने, कचऱ्याने आणि बांधकामांनी आवळले गेले की दोन तासांच्या जोरदार पावसातही सखल मोहल्ल्यांत पाणी भरते.

अशा वेळी दोन सवाल उभे राहतात. पाणी आत येऊ नये म्हणून काय करावे? आणि आलेच तर नुकसान कोण भरून देणार? पहिला सवाल आपण महापालिकेवर सोडतो, दुसरा सरकारी मदतीवर. आमच्या मते हे दोन सवाल एकाच वहीत मांडायला हवेत.

सरकारी मदतीचा अंदाज घ्या. २०२१ च्या पुरानंतर राज्य शासनाने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये जाहीर केले होते. चार यंत्रमागांच्या कारखान्यात सूत, बीम आणि तयार टॉवेलच्या गाठी भिजल्या तर ५० हजारांत काय भागते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणजे विम्याचा विचार करणे भाग आहे.

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ठराविक नमुन्याच्या पॉलिसी लागू केल्या. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि पाच कोटींपर्यंतच्या धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. दोन्हींत पुराचे नुकसान धरलेले आहे. घराच्या पॉलिसीत इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरगुती सामान आपोआप येते. भाड्याने राहणाऱ्याला फक्त सामानाचाही विमा घेता येतो.

आता आपल्या शहराची खास अडचण. इथे अनेक कारागिरांचे घर आणि कारखाना एकाच छताखाली आहे. पुढे माग, मागे स्वयंपाकघर. घराची पॉलिसी राहत्या घरासाठी असते. तीत माग, सूत आणि विक्रीचा माल येत नाही. पुढच्या खोलीतले माग पाण्यात गेले आणि हातात फक्त घराची पॉलिसी असली, तर त्या मागांचे पैसे मिळणार नाहीत. धंद्याची पॉलिसी वेगळी घ्यावी आणि अर्जात घरात माग चालतात हे स्पष्ट लिहावे. रक्कमही पुरी लिहावी. १० लाखांच्या मालाचा विमा ५ लाखांचा काढला आणि २ लाखांचे नुकसान झाले, तर हाती सुमारे एकच लाख येतो.

पण विमा पाणी अडवत नाही. भिजलेल्या मालाचे पैसे मिळतील. तुटलेले गिऱ्हाईक, बंद पडलेला माग आणि मजुरांची बुडालेली रोजी कोण देणार? शिवाय २००७ पासून कंपन्यांना या विम्याचे दर ठरवायची मोकळीक आहे. ज्या भागातून वारंवार दावे येतील, तिथला हप्ता वाढणार किंवा कंपनी काचकूच करणार. तुंबलेल्या नाल्याची किंमत अशी फिरून आपल्याच खिशातून जाते.

अमेरिकेत याची चोख तजवीज आहे. तिथल्या सरकारी पूर विमा योजनेत १९९० पासून गावाच्या कामाला गुण दिले जातात. नाले साफ ठेवले, नदीकाठची जमीन मोकळी राखली, लोकांना धोक्याची माहिती दिली, तर त्या गावातल्या घरमालकांना हप्त्यात ५ टक्क्यांपासून ४५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. गावाने केलेल्या मेहनतीचे फळ प्रत्येक घराच्या पावतीवर दिसते.

आपल्याकडे असा बांधलेला नियम नाही. चिपळूणचे पाहा. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथली बाजारपेठ बुडाली. त्यानंतर तिथल्या नागरिकांनी आणि व्यापाऱ्यांनी वाशिष्ठीतला गाळ काढण्यासाठी उपोषण केले, शासन हलले, नदीतून गाळ निघाला. काम मोठे झाले. पण त्याबद्दल हप्त्यात हक्काने सूट मागता येईल असा कायदा नाही.

तरीही दर ठरवायची मोकळीक कंपनीला आहे, म्हणजे घासाघीस करायची मोकळीक आपल्यालाही आहे. एकटा दुकानदार काउंटरवर गेला तर त्याचे कोण ऐकणार? पण एका मोहल्ल्यातले किंवा औद्योगिक वसाहतीच्या एका गल्लीतले शंभर जण यंत्रमागधारक संघामार्फत एकत्र गेले, सोबत नालेसफाईची तारीखवार छायाचित्रे, महापालिकेशी झालेला पत्रव्यवहार आणि गेल्या पाच वर्षांतल्या नुकसानीचा तपशील असला, तर दोन-तीन कंपन्यांकडून दर मागवता येतात. कापडाचा भाव दहा ठिकाणी विचारणारे आपण विम्याचा भाव मात्र एका एजंटलाच विचारतो.

काही बांधवांना विम्याबाबत शरई शंका असते. देशात तकाफुलची कंपनी नाही. त्यांनी आपल्या उलेमांना विचारून निर्णय घ्यावा. पण नाल्याबाबत तर कोणालाच शंका नाही. पाणी वाहून नेणारी वाट अडवू नये, हे सर्वांनाच मान्य आहे. ज्यांना विमा घ्यायचा नाही, त्यांच्यासाठी तर नाला हाच विमा आहे.

म्हणून मे महिना उजाडण्यापूर्वी प्रत्येक मोहल्ल्याने आपल्या नाल्याची पाहणी करावी आणि महापालिकेला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. धाग्यांचा कचरा आणि फाटकी पोती नाल्यात टाकणे आपण कारखानदारांनी आधी बंद करावे. सूत आणि गाठी फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर उंच ठेवाव्यात. मालाच्या यादीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, म्हणजे दाव्याच्या वेळी सर्वेक्षकापुढे कागद असेल. बँकेने कर्जासोबत विमा काढला असेल तर पॉलिसीची प्रत मागून घ्यावी आणि मागांबरोबर मालही तीत धरला आहे का ते वाचावे. एवढे केले तर पावसाळ्यात ढग दाटून आले तरी माग निश्चिंतपणे चालू ठेवता येतील.